पाम बीच रोडवर गाडी कुठे लावली?

आमचा सहा-सात जणांचा लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा रविवारी ठाण्यात कुणाच्या तरी घरी जमतो, चहा-पोहे होतात आणि मग ज्याने काही लिहून आणलंय त्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी सोलायचं. मागे एकदा कोपरखैरण्याच्या एका मुलाने त्याच्या कादंबरीतला लव्ह सीन वाचला. पाऊस, नवी मुंबईतला पाम बीच रोड, रात्रीचे 11, हिरो बाईक थांबवतो, हिरोईनचा चेहरा ओंजळीत धरतो, तिच्या ओठांवर थरथरणारा थेंब वगैरे, आणि मग दीड पान चुंबन. वाचून झाल्यावर सगळे गप्प, दोघं मोबाईलमध्ये, एका काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी विचारलं, अरे, पाम बीचला त्याने गाडी कुठे लावली? तो म्हणाला, ताई, तो मुद्दा नाहीये ना.

मला वाटतं तोच मुद्दा आहे, आणि त्या दिवशी पोह्यांच्या डिशा हातात असताना नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

वाशी ते बेलापूर पाम बीचवरून जो रोज जातो त्याला माहितीये, तिथे गाड्या सुसाट असतात, पावसात रात्री 11 ला कडेला बाईक घेऊन उभं राहिलं तर डोक्यात पहिला विचार मागून येणाऱ्या गाडीचा येतो. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असणार. तिने रेनकोट घातलेला असणार, आणि रेनकोट घातलेली मुलगी मिठीत घेतली की कसा आवाज येतो ते ज्याने घेतलीये त्यालाच माहिती. ओठांवरच्या थेंबापर्यंत पोचायच्या आधी हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागतो, आणि ओल्या, गारठलेल्या बोटांनी तो सुटत नाही. आता मला सांगा, तो न सुटणारा पट्टा, त्यात तिची बोटं आणि त्याची बोटं, कुणीतरी हसणार, कुणीतरी चिडणार, हाच तर सीन होता, तो या पोराने फुकट घालवला आणि थेंबावर दीड पान खर्च केलं.

आपल्याकडे प्रेमप्रसंगाच्या लिखाणावर बोलायचं म्हटलं की वाद एकच होतो, किती दाखवायचं. एक बाजू म्हणते मराठी लेखक घाबरट, दार लावून घेतात, दिवा मालवतात, तीन टिंबं देतात आणि पुढच्या प्रकरणात हिरोईन केस पुसत चहा टाकते. दुसरी बाजू म्हणते आजकाल बोल्डच्या नावाखाली काहीही चाललंय, पोरं वाचतात, लाजलज्जा राहिली नाही. दोन्ही बाजूंचे लोक माझ्या घरातच आहेत त्यामुळे मी हे भांडण बरंच ऐकलंय. आणि माझं म्हणणं असं की हे भांडण कपड्यांचं आहे, कुठपर्यंत उतरवायचे याचं, सीन खरा वाटतो की खोटा याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. दिवा मालवलेले काही सीन असे आहेत की वाचून आजही पोटात कालवतं, आणि सगळं उघडं टाकलेले असे आहेत की वाचताना विजेचं बिल भरायचं राहिलंय ते आठवतं.

कायद्याचंही लगेच येतं म्हणून तेवढं उरकून घेऊ. 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका इंग्रजी कादंबरीच्या विक्रीबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती, तेव्हा अश्लील काय ते ठरवायला कसोटी लावली ती इंग्लंडमधली 1868 सालची. मग पाचच वर्षांनी, 1969 मध्ये, एका मराठी मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आलेल्या कथेचं प्रकरण तिथपर्यंत गेलं, काकोडकर खटला म्हणून तो ओळखला जातो, आणि कोर्टाने कथा अश्लील नाही म्हणून सांगितलं, खाली दोषी ठरलेला लेखक सुटला. 2014 मध्ये ती जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली गेली आणि आजच्या समाजाच्या नजरेने, कलाकृती अख्खी डोळ्यासमोर ठेवून बघा असं ठरलं. जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, अश्लील पुस्तकांबद्दलचं 292 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 294 झालंय. गंमत म्हणजे जुन्या कायद्यात 294 हा नंबर सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वागण्याचा होता, म्हणजे आकडा बागेतल्या बाकावरून उठून पुस्तकाच्या कपाटात जाऊन बसला. तर लेखकाला भीती अजिबात नाही असं मी म्हणत नाही, पण आपल्या ग्रुपातल्या कुणाचाही लव्ह सीन पोलिसांमुळे पडलेला मी पाहिला नाहीये. तो पडतो कारण लिहिणाऱ्याने आपली माणसं कुठे राहतात ते बघितलेलं नसतं.

जागा. आपल्या भागातल्या प्रेमाचा निम्मा इतिहास जागेचा आहे. ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी चक्कर मारा, मासुंदा तलावाच्या कठड्याला धरून जोड्या बसलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीत एक जण कायम रस्त्याकडे बघत असतो, ओळखीचं कुणी येतंय का म्हणून, कारण स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, गडकरी रंगायतन शेजारी आहे, म्हणजे तुमची आत्या नाटकाला आली तर संपलं. ते अर्धं लक्ष रस्त्यावर असणं हा प्रेमाचा भाग आहे. ते लिहा की. उपवनला जरा मोकळं, येऊरच्या रस्त्याला अजून मोकळं पण तिथे अंधार पडला की वेगळी भीती. नवी मुंबईत वाशीला मिनी सी शोअर आहे, नेरूळला ज्वेल नावाची बाग आहे, खारघरला सेंट्रल पार्क आहे, जागा जरा ऐसपैस, पण शिट्टी वाजवणारा माणूस सगळीकडे असतोच. महाराष्ट्र पोलीस कायद्यात सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वागण्यासाठी 110 कलम आहे, आणि असभ्य म्हणजे नक्की काय हे बाकावर बसलेल्या दोघांना कधीच माहीत नसतं, म्हणून हवालदार लांबून दिसला की आपोआप मधे वीतभर अंतर पडतं. त्या वीतभर अंतरात आता कुणाची पर्स ठेवली जाते, की पाण्याची बाटली, की काहीच नाही, आणि हवालदार गेल्यावर ते अंतर आधी कोण कमी करतं, इतकं जरी एखाद्याला लिहिता आलं तरी मी त्याला थेंब माफ करेन.

आणि ट्रान्सहार्बर लोकल! ठाण्याला 9 आणि 10 नंबरवरून गाडी सुटते, वाशीपर्यंत साधारण अर्धा तास. हा अर्धा तास म्हणजे कितीतरी जोड्यांना दिवसात मिळणारा सगळा एकांत, तोही दीड-दोनशे माणसांच्या डब्यात. ऐरोली, रबाळे, घणसोली करत गाडी जाते आणि प्रत्येक स्टेशनला वेळ कमी होत जातो. तिला कोपरखैरण्याला उतरायचंय आणि त्याला तुर्भ्याला, म्हणजे बोलायचं ते घणसोलीच्या आत बोलायला हवं. कुठल्याही कथेला याच्याहून चांगलं घड्याळ मिळणार नाही आणि आमचे लेखक त्यांना उचलून लोणावळ्याला नेतात. लोणावळ्याला दोघांना काय कमी आहे? काही नाही. मग वाचकाने श्वास कशासाठी रोखायचा?

लग्न झालेल्यांचं तर कुणी लिहीतच नाही. जणू मंगळसूत्र घातलं की विषय संपला. कोपरखैरण्यातल्या माथाडी घरांत, वागळे इस्टेटच्या चाळीत, ऐरोलीच्या वन बीएचकेत, जिथे बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि आतल्या खोलीत दोन पोरं आणि मधे एक पडदा, तिथे नवरा-बायको एकमेकांजवळ येतात कसे, हा मला मराठीतला सगळ्यात थरारक न लिहिलेला सीन वाटतो. त्यात दाराची कडी असते. जुनी लोखंडी कडी आवाज करते, म्हणून ती एका हाताने दार आपल्याकडे ओढून दुसऱ्या हाताच्या बोटाने हळूच सरकवावी लागते, आणि हे ज्याला जमतं त्याने ते शंभर रात्री केलेलं असतं. एक कडी नीट लावा, वाचकाला पुढचं काही सांगायला लागणार नाही. सांगायचं असेल तर सांगा, पण मग ती तुमची हौस.

आता भाषेकडे येते, कारण खरी मारामार तिथे आहे. आपल्याकडे या विषयाला शब्द नाहीत असं सगळे म्हणतात. शब्द आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या घरांत राहतात. चुंबन, आलिंगन, स्तन, नितंब हे संस्कृतातून आलेले पाहुणे, सोफ्यावर ताठ बसलेले. मग शिव्यांमधले शब्द, जे रिक्षा स्टँडवर चालतात आणि प्रेमात वापरले की प्रेमच पळून जातं. आणि इंग्रजी. ठाण्याच्या कुठल्या मुलीने मैत्रिणीला आजवर सांगितलंय, की काल त्याने माझं चुंबन घेतलं? ती म्हणते किस केलं. पण तेच तुम्ही देवनागरीत लिहा, त्याने तिचा किस घेतला, की माझ्यासारखीला लगेच एकादशी, किसणी आणि बटाटा दिसायला लागतो. मुका हा शब्द खरं तर झकास, लावणीत काय रुबाबात येतो, पण शहरात तो आजीने आणि बाळाने वाटून घेतलाय, पापीचंही तेच. त्यामुळे लेखक बिचारा चुंबनावर येतो आणि सीन दूरदर्शनच्या बातम्यांसारखा व्हायला लागतो.

यावर उपाय म्हणून लोक उपमा शोधतात, पाकळ्या, मोगरा, वीज, लाटा. मी म्हणते शब्दच नको, काय झालं ते लिहा. नाव न घेता. त्याने तोंड जवळ आणलं आणि तिच्या लक्षात आलं की याने मघाशी बडीशेप खाल्लीये. बास. त्या बडीशेपेत चुंबनही आलं आणि हा माणूस घाबरून हॉटेलच्या काउंटरवरून मूठभर उचलून आलाय हेही आलं.

मराठीचं जे खास आहे ते तर वापरतच नाही कुणी. तू आणि तुम्ही. इंग्रजीत प्रेम जमलं तरी यू चं यूच राहतं, आपल्याकडे एका माणसाला तुम्ही वरून तू वर यायला अख्खी प्रेमकथा लागते आणि तो क्षण बऱ्याच लेखकांच्या हातून नकळत निसटतो, पान 12 वर तुम्ही, पान 14 वर तू, मधे काय झालं तर काही नाही. अरे, मधेच तर सगळं झालं! ऑफिसातली सीनियर, तो तिला मॅडम, तुम्ही असं बोलतोय, ऐरोलीच्या आयटी पार्कमधून बाहेर पडताना शेअर रिक्षात दाटीवाटीने बसल्यावर त्याच्या तोंडून चुकून, अगं सरक ना, निघून जातं. त्या अगं नंतर रिक्षात जी शांतता पडते ती मला लिहून दाखवा. ती सरकते का, हा लव्ह सीन. आणि लग्न झालेल्यांत तर उलट-सुलट दोन्ही आहे, सासूसासऱ्यांसमोर अहो, ऐकलंत का, आणि कडी लागली की ए ऐक ना रे. एकाच बाईच्या तोंडात दोन नवरे. माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, नौपाड्यातलं, 30 वर्षं अहो-जाहो, आणि त्या काकू एकदाच, काकांना आयसीयूतून बाहेर आणलं तेव्हा, बेडजवळ वाकून म्हणाल्या, घाबरवलंस की रे मला. मी तिथेच उभी होते, मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी बाहेर निघून आले, जणू काही बघू नये ते बघितलं.

क्रियापदांचंही एक सांगते. स्वतःचा लिहिलेला सीन घ्या आणि तो काय काय करतो आणि ती काय काय करते त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. तो जवळ घेतो, खेचतो, उचलतो, हनुवटी वर करतो, बटा मागे सारतो. ती लाजते, शहारते, मोहरते, थरथरते, विरघळते. म्हणजे कामं सगळी त्याला आणि तिला फक्त हवामान. मी हे दुसऱ्यांना शिकवायच्या आधी माझी एक जुनी कथा काढून बघितली, हिरोईन चार पानांत सात वेळा शहारली होती, बाईला ताप होता की काय. तिला काहीतरी करू द्या. तिने त्याचा चष्मा काढून नीट ठेवावा, कारण तो तुटला तर उद्या ऑफिसला कसा जाईल.

आणि नको. हा शब्द नीट लिहिला नाही तर मला राग येतो, गंमत नाही. मोबाईलवर भागाभागाने येणाऱ्या ज्या प्रेमकथा आहेत, लोकलमध्ये शेजारणीच्या स्क्रीनवर मी पण वाचते, खोटं कशाला बोलू, त्यात करोडपती बिझनेसमन, जबरदस्तीचं लग्न, तो रागीट, ती अनाथ, आणि मग एका भागात तो तिला भिंतीला टेकवतो, ती नको म्हणते आणि पुढच्या ओळीत तिच्या नकोमध्ये होकार दडला होता. दडला होता म्हणजे कुणाला दिसला? लेखकाला. ही भिंत बहुतेक परदेशी रोमान्समधून आलेली असणार, मिल्स अँड बून हे दुकान 1908 चं, भाड्याच्या लायब्रऱ्यांमधून आमच्या पिढीच्या पोरींनी खच्चून वाचलेलं, तिथेही असले भिंतीवाले हिरो भरपूर होऊन गेले. तिथले लोक बरेच पुढे गेले, आपण भिंत उचलून आणली ती आणलीच. ठाण्यातल्या वन बीएचकेत भिंतीला टेकवलं तर पलीकडून शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज येतो, एवढं तरी बघायचं.

खरं म्हणजे मराठीत नकोचे इतके प्रकार आहेत की लेखकाला पर्वणी आहे. नको म्हणजे नको. आत्ता नको म्हणजे उद्या विचार. आणि इथे नको, हे तर ठाणे-नवी मुंबईतल्या प्रेमाचं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं गेलेलं वाक्य असेल, त्यात माणसाला हो आहे आणि जागेला नाही. जो हिरो या तिन्हींमधला फरक ऐकतो, ऐकून थांबतो, विचारतो, मग कुठे, त्याच्या प्रेमात वाचक पडतो, मी तरी पडते. लोकांना वाटतं विचारलं की रोमान्स मेला. उलट आहे. विचारण्यात त्याला नकार मिळू शकतो, म्हणजे त्याचं काहीतरी पणाला लागलंय. न विचारता खेचणाऱ्याचं काय पणाला लागलेलं असतं?

यावर त्या दिवशी आमच्याच ग्रुपातली एक जण म्हणाली, आणि तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, की ताई, बाई दिवसभर राबून, लटकत घरी जाताना मोबाईल उघडते ते स्वतःचीच कडी आणि स्वतःचीच सासू वाचायला उघडते का? तिला पेंटहाऊस हवंय, तिला तो बिझनेसमनच हवाय, तुम्ही तिच्याकडून ते पण काढून घेणार? बरोबर आहे. स्वप्नाला मी नाही म्हणत नाही, आणि ज्याला पेंटहाऊस लिहायचंय त्याने लिहावं, घोडबंदर रोडला आता आहेतही तेवढे उंच टॉवर. पण पेंटहाऊसमध्येही लिफ्टमध्ये कॅमेरा असतो, वॉचमनकडे रजिस्टर असतं, त्यात तिला नाव आणि कुणाकडे ते लिहावं लागतं, आणि ती काय लिहिते? खरं नाव लिहिते का? स्वयंपाकाच्या ताई सकाळी सातला बेल वाजवतात. पैशाने लोक जात नाहीत समोरून, फक्त त्यांना पगार मिळतो. स्वप्न बघणारी बाई मूर्ख नसते, तिला खोटं कळतं, ती ते चालवून घेते कारण दुसरं कुणी काही देत नाही. याच्यापुढे आमचं त्या दिवशी एकमत झालं नाही आणि आजही नाहीये. ती म्हणते तुम्ही मध्यमवर्गीय दुःखाच्या प्रेमात आहात. असेनही.

तर तो मुलगा. परवाच्या रविवारी त्याने सीन परत लिहून आणला. पाम बीच गेला, पाऊस ठेवला, आता दोघं नेरूळ स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये आहेत, तिची गाडी यायला वेळ आहे, त्याच्या हेल्मेटचा पट्टा अडकलाय, ती म्हणते, थांब, हलू नको, आणि दातांनी तो पट्टा सोडवायला जाते. चुंबन फक्त दोन ओळी, तेही नाव न घेता. मधेच पार्किंगवाला पावती विचारायला येतो. वाचून झाल्यावर या वेळी कुणी मोबाईल काढला नाही. चष्मेवाले काका जरा वेळ थांबून म्हणाले, पण पावती कुणाच्या खिशात होती रे? तो म्हणाला, त्याच्या. काका म्हणाले, तिच्या पर्समध्ये असू दे. मग यावरून जे सुरू झालं ते घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चाललं, आणि माझी ऐरोलीची गाडी गेली.